आतड्यांचा जुनाट दाह आणि आयुर्वेद: उपयोग कुठे, धोका कुठे

दुर्बिणीच्या तपासणीचा अहवाल हातात येतो, त्यावर 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' किंवा 'क्रोन्स डिसीज' असं लिहिलेलं असतं, आणि डॉक्टर सांगतात की हा आजार आटोक्यात ठेवता येतो, मुळातून जात नाही. त्याच रात्री रुग्ण मोबाइलवर आजाराचं नाव टाकतो. तिथे तीन महिन्यांत कायमचं बरं करणारे ढिगाने भेटतात. कुणी कुटजाचा, म्हणजे कुड्याच्या सालीचा काढा सांगतं, कुणी नुसत्या ताकावर राहायला सांगतं, तर कुणी म्हणतं की इंग्रजी गोळ्या आजपासून बंद करा. उलट टोकाला असेही डॉक्टर असतात, की आयुर्वेदाचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. मग रुग्ण काढा घेतच राहतो, फक्त डॉक्टरांना सांगायचं बंद करतो. माझ्या मते सगळ्यात धोक्याची स्थिती हीच.

हा आजार नेमका काय आहे, आयुर्वेद त्याच्याकडे कसं बघतो, कुठली औषधं चाचणीत टिकली, आणि दोन्हीकडचे उपचार घ्यायचेच असतील तर कसे घ्यावेत, ते एकेक करून पाहू.

## आधी निदान, मग पॅथी

दोन नावांची कायम गल्लत होते. आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. यात पोट दुखतं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, गॅस, बेचैनी, पण आतड्याचं अस्तर शाबूत असतं. आयबीडी म्हणजे इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज. यात अस्तर खरोखर सुजतं, सोलवटतं, जखमा होतात. शौचातून रक्त पडणं, वजन घटणं, बारीक ताप, रात्री झोपेतून उठून शौचाला पळावं लागणं, ही लक्षणं असतील तर आयबीएस म्हणून सोडून देता येत नाही.

बोलीभाषेत मात्र पोटाच्या कुठल्याही जुन्या तक्रारीला 'कोलायटिस' म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे 'माझा कोलायटिस अमुक चूर्णाने गेला' असं सांगणाऱ्या कितीतरी जणांना मुळात आयबीएस असतो. त्यांचा अनुभव खोटा नसतो, आजार वेगळा असतो.

आयबीडीचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात होतो. तो गुदाशयापासून सुरू होऊन वर सलग पसरतो आणि सहसा आतल्या अस्तरापुरताच राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मधली जागा चांगली ठेवून तुकड्यातुकड्यांत होतो आणि आतड्याची पूर्ण जाडी पोखरतो. म्हणून क्रोन्समध्ये आतडं अरुंद होणं, भगंदर होणं असे प्रकार दिसतात. लहान आतड्याचा शेवटचा भाग ही त्याची आवडती जागा.

इथे एक मोठा चकवा आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स दुर्बिणीतूनही फसावं इतके सारखे दिसू शकतात. क्षय असताना स्टेरॉइड दिलं तर तो भडकतो, आणि क्रोन्स असताना क्षयाच्या गोळ्यांमध्ये महिने निघून जातात. अमिबाच्या आवेतही रक्त पडतं. म्हणून शौचाची तपासणी, दुर्बीण आणि अस्तराचा तुकडा काढून केलेली तपासणी हे सगळं झाल्याशिवाय कुठल्याच पॅथीने औषध ठरवू नये.

## आत काय बिघडतं

आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात आणि शरीराची रोगप्रतिकारशक्ती एरवी त्यांना खपवून घेते. आयबीडीत हे खपवून घेणं बिघडतं. काही जनुकं, जिवाणूंच्या वस्तीतला बदल, आहार, धूम्रपान अशा अनेक गोष्टींचा त्यात वाटा असतो. एकच एक कारण सापडलेलं नाही, म्हणून एकच एक रामबाण उपायही नाही. प्रतिकारशक्ती अस्तरावर हल्ला करते, जखम होते, जखमेतून जिवाणू आत शिरतात आणि हल्ला वाढतो.

आजार लाटांसारखा चालतो. मध्येच उसळतो, मग काही महिने, कधी काही वर्षं शांत राहतो. या शांत काळाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ओल आलेल्या भिंतीला रंग दिला की काही दिवस भिंत छान दिसते, आत पाणी मुरतच असतं. आयबीडीतही जुलाब थांबतात, रक्त दिसेनासं होतं, रुग्णाला बरं वाटतं, आणि तरी आत दाह चालू असू शकतो. हा छुपा दाहच पुढे आतडं आखडवतो आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवतो.

आतली स्थिती कळण्यासाठी आज एक सोपी तपासणी आहे, शौचातल्या कॅल्प्रोटेक्टिनची. दाहाच्या जागी जमणाऱ्या पांढऱ्या पेशींमधलं हे प्रथिन. साधारणपणे ते ग्रॅमभर शौचात ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर काळजी नाही, २५० च्या वर असेल तर आत दाह चालू असण्याची दाट शक्यता. औषध कुठल्याही पॅथीचं असो, ते लागू पडतंय का हे या आकड्यावर आणि दुर्बिणीवर ठरतं. नुसतं 'आता बरं वाटतंय' पुरत नाही.

## चरकसंहितेत हा आजार आहे का?

या नावाने नाही. लक्षणांनी शोधलं तर त्याच्या जवळपासचं बरंच सापडतं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पंधरावा अध्याय ग्रहणीचा आणि एकोणिसावा अतिसाराचा. ग्रहणी हे अग्नीचं म्हणजे पचनशक्तीचं स्थान. तिथला अग्नी बिघडला की कधी घट्ट, कधी पातळ, कधी न पचलेलं अन्न बाहेर पडतं. अतिसार म्हणजे जुलाब. पित्ताचा अतिसार झालेला माणूस पथ्य सोडून पित्त वाढवणारंच खातपीत राहिला तर रक्तातिसार होतो, असं चरक सांगतो. कुंथून कुंथून थोडी थोडी आव पडते, तिला प्रवाहिका म्हटलं आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णाला आजचा वैद्य बहुधा रक्तातिसार, प्रवाहिका किंवा पित्तज ग्रहणी यांच्या चौकटीत बसवतो.

मात्र जुन्या काळच्या रक्तातिसारात अमिबाची आव आणि जिवाणूंचे जुलाबही असणारच, आणि माझा अंदाज असा की तेच संख्येने जास्त असणार. कुटजाची ख्याती बरीचशी तिथून आली असावी. कुटजाच्या सालीतलं कोनेसिन हे द्रव्य अमिबावर काम करतं. ते औषध आवेवर चांगलं ठरलं म्हणून प्रतिकारशक्तीच्या बिघाडावरही तितकंच चालेल, असा अर्थ निघत नाही.

## आजच्या समजुतीशी जुळणाऱ्या काही जागा

'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' हा सूर मला पटत नाही. तरी काही निरीक्षणं खरोखर थक्क करणारी आहेत.

चरकाने अतिसाराचे सहा प्रकार सांगितले, त्यांतले दोन भयाने आणि शोकाने होणारे आहेत. ताणतणावाने आयबीडी जन्माला येत नाही, पण शांत असलेला आजार उसळायला ताण निमित्त होतो, हे आजचे डॉक्टरही मानतात.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात म्हटलं आहे की अतिसार थांबला तरी अग्नी मंदच असतो आणि अशा वेळी माणसाने अपथ्य केलं तर ग्रहणी बिघडते. म्हणजे लक्षण थांबणं आणि आजार संपणं यांत अंतर आहे, हे तिथे मान्य केलेलं आहे.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची. आमातिसारात, म्हणजे न पचलेला दोष आत असताना, सुरुवातीलाच जुलाब बांधणारं औषध देऊ नये असं चरक बजावतो. दिलं तर पोट फुगतं, ताप येतो, इतर रोग मागे लागतात. आजचे पोटविकारतज्ज्ञही कोलायटिस जोरात असताना जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळी देत नाहीत, कारण त्याने मोठं आतडं धोकादायकरीत्या फुगू शकतं. दोन्हींमागची कारणमीमांसा निराळी आहे, सल्ला एकच. आणि तरी घरोघरी जुलाब लागले की पहिली गोळी तीच घेतली जाते.

## ताक, पेज आणि पथ्य

आयुर्वेदाचा सगळ्यात वापरण्याजोगा भाग मला हाच वाटतो. आजार उसळलेला असताना पेज, मऊ भात, मुगाचं कढण असं हलकं, थोडं थोडं, गरम खाणं आणि भूक सुधारेल तसा आहार पायरीपायरीने वाढवणं, याला कुठल्याही आहारतज्ज्ञाची हरकत नसते. कोंडा, कच्च्या कोशिंबिरी, साली, बिया यांचा त्या काळात त्रास होतो. क्रोन्समध्ये आतडं अरुंद झालं असेल तर त्या अडकूही शकतात.

ताकाबद्दल चरक स्पष्ट आहे. ग्रहणीच्या विकारात ते श्रेष्ठ, कारण भूक वाढवतं, मल बांधतं आणि पचायला हलकं असतं. दुधातली साखर विरजणाने काही प्रमाणात कमी होते, म्हणून दूध न सोसणाऱ्यांनाही ताक बऱ्याचदा सोसतं. पण रक्त पडत असताना आंबट ताक नको, हे वैद्यच सांगतात. रक्तातिसारात चरकाने शेळीचं दूध सांगितलं आहे. 'कोलायटिस आहे ना, मग ताक प्या' असा सरसकट सल्ला आयुर्वेदालाही धरून नाही.

पथ्याचा अतिरेकही घातक असतो. एकेक पदार्थ बंद करत शेवटी रुग्ण भात आणि ताक यांवर येतो, वजन उतरतं, रक्त कमी होतं. दाह चालू असताना शरीराला एरवीपेक्षा जास्त प्रथिनं लागतात, दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम. निरोगी माणसाला साधारण एक ग्रॅम पुरतं. पथ्याच्या यादीत काय बंद याबरोबर काय वाढवायचं हेही लिहिलेलं नसेल, तर ती यादी अपुरी आहे.

## हळदीची चाचणी

आयुर्वेदाच्या औषधांपैकी या आजारावर सगळ्यात जास्त अभ्यास झाला तो हळदीतल्या कर्क्युमिनचा. जपानमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार शांत असलेले ८९ रुग्ण होते. सगळ्यांच्या नेहमीच्या गोळ्या चालू होत्या. काहींना सोबत रोज २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, इतरांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली खोटी गोळी. सहा महिन्यांत कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी जवळपास ५ टक्के रुग्णांचा आजार उलटला, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २० टक्क्यांचा. २०१५ च्या दुसऱ्या चाचणीत आजार चालू असलेल्यांना मेसालामाइन या कोलायटिसच्या नेहमीच्या औषधासोबत रोज ३ ग्रॅम दिलं. महिन्याभरात २६ पैकी १४ जणांचा आजार शमला, तर खोट्या गोळीच्या गटात एकाचाही नाही.

मग दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांची २०१७ ची चाचणी आली. तिथे मात्रा कमी होती, १५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. आठ आठवड्यांनी कर्क्युमिनच्या गटात ३१ टक्के आणि खोट्या गोळीच्या गटात २७ टक्के रुग्णांचा आजार शमला. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच.

या तिन्हींतून मला दिसतं ते असं. कर्क्युमिन पुरेशा मात्रेत, नेहमीच्या औषधाच्या जोडीला, सौम्य ते मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये उपयोगी पडण्याची शक्यता चांगली आहे. नेहमीचं औषध बंद करून नुसत्या कर्क्युमिनवर राहावं, असं यांतली एकही चाचणी म्हणत नाही. क्रोन्सला तर हे निष्कर्ष लागूच होत नाहीत.

आणि हळदीचं दूध? हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. चमचाभर, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम हळदीत ते ०.१ ग्रॅमच्या आसपास भरतं. २ ग्रॅम गाठायला साठ-सत्तर ग्रॅम हळद रोज खावी लागेल. हळदीचं दूध आवडत असेल तर जरूर प्यावं, पण चाचणीतला परिणाम त्यातून मिळेल अशी आशा करू नये.

## इसबगोल, शल्लकी, कोरफड

इसबगोल संहितांच्या नंतरचं, पण वैद्य ते सर्रास देतात. स्पेनमध्ये १९९९ साली अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत असलेल्या १०५ रुग्णांवर चाचणी झाली. वर्षभरात इसबगोलाचं बी घेणाऱ्यांपैकी ४० टक्के, मेसालामाइन घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के आणि दोन्ही घेणाऱ्यांपैकी ३० टक्के रुग्णांचा आजार उलटला. फरक ठळक नव्हता, म्हणजे इसबगोल फार मागे पडलं नाही. इतक्या साध्या वस्तूसाठी हे कौतुकाचंच. आतडं आखडलेल्या क्रोन्सच्या रुग्णाने मात्र ते विचारल्याशिवाय घेऊ नये, फुगून अडकू शकतं.

शल्लकी म्हणजे सालईचं झाड. त्याच्या डिंकाबद्दल सुरुवातीच्या लहान अभ्यासांनी आशा दाखवली होती. पण जर्मनीत क्रोन्सच्या रुग्णांवर वर्षभर चाललेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शल्लकी घेणाऱ्यांपैकी ६० टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के रुग्णांचा आजार शांत राहिला. अपाय झाला नाही, उपयोगही दिसला नाही. कोरफडीच्या गराची २००४ सालची ४४ रुग्णांची एक चाचणी आशादायक होती, पण ती लहान आणि चारच आठवड्यांची. शिवाय कोरफडीच्या सालीलगतच्या पिवळ्या चिकाने जोरदार जुलाब होतात. घरी पान सोलून खाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

## पिच्छाबस्ती आणि पर्पटी

मोचरस म्हणजे सावरीचा डिंक, दूध, तूप अशा बुळबुळीत द्रव्यांची गुदमार्गाने द्यायची बस्ती म्हणजे पिच्छाबस्ती. रक्तातिसारात चरकाने ती सांगितली आहे. औषध थेट दाहाच्या जागी पोचवायची ही कल्पना अगदी रास्त आहे. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातल्या आजारात आजही मेसालामाइनचा एनिमा किंवा गुदमार्गाची गोळी हा पहिल्या पसंतीचा उपचार आहे. (रुग्ण लाजून तो टाळतात, ही वेगळीच अडचण.) पिच्छाबस्तीवरचे अभ्यास मात्र छोटे आहेत आणि बहुतेकांत तुलनेला दुसरा गटच नाही. दाह तीव्र असताना आतड्याची भिंत नाजूक झालेली असते, तेव्हा कुठलीही बस्ती पोटविकारतज्ज्ञाला न विचारता घेऊ नये. आणि पंचकर्माच्या नावाखाली आजार उसळलेला असताना विरेचन, म्हणजे रेचक देऊन पोट साफ करणं, मला तर अजिबात पटत नाही.

पर्पटीची गोष्ट निराळी. पारा आणि गंधक एकत्र खलून कज्जली करतात, ती वितळवून केळीच्या पानांत दाबून पातळ पापुद्रे काढतात, तीच पर्पटी. तिची मात्रा क्रमाने वाढवत नेतात आणि रुग्णाला फक्त दुधावर किंवा ताकावर ठेवतात. गुण आल्याच्या हकिकती पुष्कळ आहेत. त्यातला काही वाटा पाऱ्याऐवजी आहाराचा असेल का, हा प्रश्न मला पडतो. लहान मुलांच्या क्रोन्समध्ये सहा ते आठ आठवडे फक्त द्रवरूप संपूर्ण पोषणावर ठेवणं हा आज मान्य उपचार आहे आणि तो स्टेरॉइडच्या तोडीस तोड ठरतो. त्यात प्रथिनं, क्षार, जीवनसत्त्वं मोजून दिलेली असतात, नुसत्या ताकात ती नसतात. पारा मूत्रपिंडाला आणि मज्जातंतूंना घातक आहे. मेसालामाइननेही क्वचित मूत्रपिंडाला इजा होते. हे दोन्ही एकदम घेणारा रुग्ण दुहेरी जोखीम घेतो.

## 'झाडपाल्याने कसला अपाय होणार?'

जे औषध शरीरात काही बदल घडवू शकतं ते अपायही करू शकतं. जपानमध्ये कोलायटिसवर नीळ वनस्पतीची पूड वापरली गेली. ती दाहावर खरोखर परिणामकारक ठरली, आणि तीच घेणाऱ्या काही रुग्णांच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढल्याचं आढळलं. २०१६ साली तिथल्या आरोग्य मंत्रालयाला इशारा द्यावा लागला.

जवळची उदाहरणंही आहेत. ज्येष्ठमधाने रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. स्टेरॉइडनेही तेच होतं. गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून घेतली जाते, पण इथे प्रतिकारशक्तीचा भडका हाच आजार आहे. शिवाय करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. तरी ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणाऱ्याचं यकृत आधीच देखरेखीखाली असतं, त्याने हा प्रयोग कशाला करावा? कर्क्युमिनही यातून सुटत नाही. २०२२ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेले दहा रुग्ण नोंदवले. त्यांतल्या काही गोळ्यांत शोषण वाढावं म्हणून मिरीचा अर्क घातलेला होता. हा अर्क इतर काही औषधांचीही रक्तातली पातळी वाढवतो.

भेसळ आणि जड धातू हा वेगळाच विषय. बोस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची २००४ साली तपासणी झाली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २००८ साली इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ उत्पादनांतही प्रमाण तेवढंच, सुमारे एक पंचमांश निघालं. लेबल नसलेली, घटक न सांगता दिलेली पुडी तर घेऊच नये. तिने दोन दिवसांत जादूसारखा गुण आला तर आनंद होण्याआधी त्यात स्टेरॉइड मिसळलंय का, अशी शंका यायला हवी.

## 'ओळखीच्या एकाला तर पूर्ण गुण आला'

आला असेलही. पण हा आजार आपोआप शांत होतो, आणि माणूस नवं औषध शोधतो तेव्हा तो बहुधा सगळ्यात वाईट दिवसांत असतो. त्यानंतर काहीही घेतलं तरी उतार पडण्याची शक्यता मोठीच. वर सांगितलेल्या एम्सच्या चाचणीत खोटी गोळी घेणाऱ्या चारांतल्या एकाहून जास्त जणांचा आजार शमला, हे विसरू नये. म्हणून गुण आला असं म्हणणाऱ्याला दोनच गोष्टी विचाराव्यात. दुर्बीण पुन्हा केली का, आणि कॅल्प्रोटेक्टिन किती आलं.

## 'मग काय, जन्मभर गोळ्या?'

ही भीती समजण्यासारखी आहे. स्टेरॉइडने चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. पण स्टेरॉइड हे कायमचं औषध नाहीच. उसळी दाबायला काही आठवडे घ्यायचं आणि क्रमाने उतरवायचं. १९५५ साली कॉर्टिसोनची पहिली मोठी चाचणी झाली, त्याआधी तीव्र कोलायटिसचा झटका हा जीवघेणा प्रकार होता, हेही विसरायला नको. स्टेरॉइड अचानक बंद केलं तर शरीराची स्वतःची संप्रेरकं तयार नसतात आणि माणूस कोसळू शकतो. 'आजपासून इंग्रजी औषधं बंद' हा सल्ला म्हणून जीवावर बेतू शकतो.

दीर्घकाळ घ्यायचं ते मेसालामाइन बहुतेकांना चांगलं सोसतं. आजार जास्त असेल तर ॲझाथायोप्रिन किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैविक औषधं लागतात. त्यांचे धोके खरे आहेत, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. अस्तर भरून आलं आणि बराच काळ तसंच राहिलं, तर काही रुग्णांची औषधं डॉक्टर कमी करतात. तो निर्णय तपासण्या बघून होतो.

## दोन्ही उपचार सोबत चालवायचे तर

आजार शांत असताना सुरुवात करावी, उसळीत नव्हे. वैद्य पदवीधर आणि नोंदणीकृत असावा, आणि त्याने तुमचे दुर्बिणीचे अहवाल वाचायला मागावेत. ते न बघताच नाडीवरून 'सहा महिन्यांत सगळ्या गोळ्या बंद करू' म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. औषधात पारा, शिसं किंवा सोमल (आर्सेनिक) आहे का हे सरळ विचारावं. एका वेळी एकच नवं औषध सुरू करावं, नाहीतर गुण कशाचा आणि अपाय कशाचा हे कळतच नाही. सुरू करण्याआधी आणि साधारण महिन्याने यकृत, मूत्रपिंड व पोटॅशियम तपासावं, तीन महिन्यांनी कॅल्प्रोटेक्टिन. घेत असलेल्या प्रत्येक काढ्या-चूर्णाचं नाव पोटविकारतज्ज्ञाला सांगावं, ते रागावले तरी.

योगासनं आणि श्वसन यांचा इथे चांगला उपयोग आहे. जर्मनीत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोलायटिस शांत असलेल्या ७७ रुग्णांपैकी बारा आठवडे योग करणाऱ्यांचं जगणं अधिक सुसह्य झालं. पोटावर जोर देणाऱ्या क्रिया उसळीत टाळाव्यात. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नयेत, त्यांनी आजार उसळतो. क्रोन्स असेल तर तंबाखूचा धूर आधी बंद करावा, ते कुठल्याही काढ्याहून मोठं औषध आहे. मोठ्या आतड्याचा आजार सुरू होऊन आठेक वर्षं झाली की कर्करोगाची चाहूल घेण्यासाठी दुर्बीण करावीच लागते, मधल्या काळात कितीही बरं वाटत असलं तरी.

आणि दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, त्यासोबत ताप किंवा नाडीचे ठोके मिनिटाला ९० च्या वर, पोट फुगून कडक झालेलं, अशी स्थिती असेल तर वैद्य, काढा, पथ्य सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तिथे पोचल्यावर घेत असलेल्या सगळ्या औषधांची, पुड्यांसकट, पिशवी डॉक्टरांसमोर ठेवावी.